चुलीजवळचे शुभवर्तमान

धर्म म्हटला की मनापुढे प्रथम उभे राहते ते मंदिर, मग ग्रंथ आणि मग गुरुजन. ख्रिस्ती धर्माच्या बाबतीतही उंच मनोऱ्याचे प्रार्थनामंदिर, रविवारची घंटा, वेदीवरच्या मेणबत्त्या आणि व्यासपीठावरून वाचले जाणारे शास्त्र हेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. आठवड्याचा एक दिवस या चित्रात सामावतो. उरलेल्या सहा दिवसांचे काय? दळण आणि स्वयंपाक, कचेरी आणि बाजार, मुलांची आजारपणे, शेजाऱ्याशी झालेली बोलाचाली, हरवलेली वस्तू, वेळेवर न आलेले पत्र, अशा गोष्टींनी भरलेले ते सहा दिवस श्रद्धेच्या कक्षेबाहेरचे मानायचे, की तिची खरी शाळा मानायची? उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. शुभवर्तमानाची पाने उघडली की पहिल्याच वाचनात जाणवते ते हे की, त्यांत देवळापेक्षा घर अधिक आहे.

नासरेथचा येशू सुताराच्या घरात वाढला आणि स्वतःही त्याच धंद्यात होता. त्याने लोकांपुढे येऊन बोलायला आरंभ केला, तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असे लूकने नमूद केले आहे. त्याआधीच्या वर्षांविषयी जन्मकथा आणि बाराव्या वर्षीचा एक प्रसंग यांपलीकडे शुभवर्तमाने जवळजवळ काहीच सांगत नाहीत. परंतु त्या मूक वर्षांत त्याने काय पाहिले, हे त्याच्या बोलण्यावरून कळते. जुन्या वस्त्राला नव्या कापडाचे ठिगळ लावले तर ते आकसून वस्त्र अधिकच फाटते, हे ज्याने घरात ठिगळे लावलेली पाहिली असतील त्यालाच सुचणार. पेरणारा शेतकरी, पीठ मळणारी बाई, मेंढरे मोजणारा धनगर, मजुरीची वाट पाहत चव्हाट्यावर उभे राहिलेले गडी, मध्यरात्री दार ठोठावून भाकरी उसनी मागणारा शेजारी, ही सारी माणसे गालीलच्या खेड्यांतली आहेत. राजेरजवाडे त्यांच्यात क्वचितच भेटतात.

लूकच्या पंधराव्या अध्यायातली एक बाई पाहा. तिच्यापाशी दहा रुप्याची नाणी आहेत. एकेक नाणे म्हणजे सुमारे एका दिवसाची मजुरी. त्यांतले एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, कोनाकोपरा धुंडाळते आणि नाणे सापडताच शेजारणींना बोलावून आनंद करते. हरवलेल्या माणसासाठी परमेश्वर कसा व्याकूळ होतो हे सांगण्यासाठी येशूने हाती केरसुणी घेतलेली एक गरीब बाई निवडली, ही गोष्ट ऐकणाऱ्या परूशांना रुचली असेल असे वाटत नाही. देवाच्या कोपाविषयी आणि वैभवाविषयी शास्त्री पुष्कळ सांगत असत. देवाच्या शोधाशोधीविषयी बोलायला मात्र एका घरधनिणीची साक्ष काढावी लागली.

दुसरी एक बाई मत्तयाच्या तेराव्या अध्यायात आहे. ती तीन मापे पिठात थोडे खमीर लपवते. एवढे पीठ एका कुटुंबाच्या जेवणाचे नव्हे. त्यात गावजेवण व्हावे. खमीर पिठात गेले की डोळ्यांना दिसेनासे होते आणि सकाळपर्यंत सगळे पीठ फुगून आलेले असते. देवाच्या राज्याचे कार्य असे गाजावाजावाचून चालते, हे ज्या बायकांनी ऐकले असेल त्यांना त्याचा अर्थ कोणी वेगळा फोडून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या हातांना तो आधीच ठाऊक होता. त्या ज्ञानाला नाव मात्र मिळाले नव्हते, ते या दृष्टांताने मिळाले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ख्रिस्ताच्या शिकवणुकीत रोजचे जीवन हे सिद्धांताला जोडलेले उदाहरण नाही. सिद्धांत आधी ठरवायचा आणि मग तो पटावा म्हणून घरगुती दाखला शोधायचा, ही उपदेशकांची रीत झाली. तेथे पाहणे आधी आहे आणि समजणे मागाहून. मंदिरातल्या दानपेटीसमोर बसून तो लोकांना पाहत होता, असे मार्कने लिहिले आहे. श्रीमंत लोक पुष्कळ टाकत होते. एक विधवा आली आणि तिने दोन टोल्या टाकल्या. येथे दृष्टांत रचलेला नाही. घडलेली गोष्ट आहे. तिथे असलेल्या सर्वांसमोर ती घडली, परंतु दिसली एकालाच. तिने आपली सारी उपजीविका टाकली, हे त्याने शिष्यांना जवळ बोलावून दाखवले. शिष्यांनाही दाखवावे लागले, ही या प्रसंगातली अंतर्मुख करणारी गोष्ट होय.

हे पाहणे पुढील काळात किती जणांनी जोपासले? पुष्कळांनी जोपासले, परंतु त्यांत एका फ्रेंच स्वयंपाक्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. निकोला हर्मन हा सतराव्या शतकातला सैनिक. युद्धात जखमी होऊन लंगडा झालेला. वयाच्या अठराव्या वर्षी हिवाळ्यात त्याने एक निष्पर्ण झाड पाहिले. आता याला पाने नाहीत, थोड्या दिवसांनी येतील, मग फुले आणि फळे येतील, एवढाच विचार त्याच्या मनात आला. आणि त्या विचाराबरोबर परमेश्वराच्या सामर्थ्याची जी जाणीव झाली ती त्याला आयुष्यभर पुरली. झाडे सर्वांनीच पाहिलेली असतात. पुढे पॅरिसमधल्या कार्मेल संघाच्या मठात तो बंधू लॉरेन्स या नावाने राहिला आणि त्याच्या वाट्याला मठाचे स्वयंपाकघर आले. स्वयंपाकाची त्याला उपजत नावड होती. तेच काम त्याने सुमारे पंधरा वर्षे केले. हळूहळू त्याची अशी अवस्था झाली की, भांड्यांच्या खडखडाटात आणि एकाच वेळी चार माणसे चार गोष्टी मागत असतानाही प्रार्थनेच्या वेळची शांती त्याच्याजवळ असे. 1691 साली तो वारला. त्याची संभाषणे आणि पत्रे मागाहून छापली गेली आणि ते लहानसे पुस्तक आजही जगभर वाचले जाते.

महाराष्ट्राला ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही. सावता माळ्याला आपल्या मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला, गोरा कुंभार चिखल तुडवता तुडवता नामात रंगला, जनाबाईच्या जात्याला पांडुरंगाचा हात लागला. ज्या भूमीने संसाराच्या कामांतून देवाकडे जाण्याची वाट शतकानुशतके तुडवली, त्या भूमीत ख्रिस्ताचे घरगुती दृष्टांत रुजले तर नवल ते काय? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी तर आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी कबुलीच देऊन ठेवली आहे. परंतु या वाटेची किंमत काय पडते, हे पाहायचे तर दोन मराठी स्त्रियांच्या चरित्रांकडे वळले पाहिजे. त्या दोघींच्याही आयुष्यात तत्त्वचर्चेने जे साधले नाही ते एकेका साध्या प्रसंगाने साधले.

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या संस्कृतच्या प्रकांड विदुषी म्हणून नावाजलेल्या होत्या. शास्त्रार्थाला त्यांच्याजवळ तोटा नव्हता. वाँटेजच्या भगिनीसंघाकडे त्या राहिल्या, ख्रिस्ती सिद्धांतांविषयी त्यांनी ऐकले, वाचले, वादही केला. त्या अवधीत लंडनच्या फुलम भागात त्याच संघाच्या एका आश्रमात काही दिवस राहण्याचा योग आला. तेथे समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना भगिनी सांभाळत होत्या, आणि ज्या पूर्वी तशा होत्या त्यांच्यापैकी काही जणी आता इतरांची शुश्रूषा करत होत्या. रमाबाईंनी असे दृश्य पूर्वी कधी पाहिले नव्हते. अशा स्त्रियांविषयी यांना एवढा कळवळा का, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली.

ती कथा पाण्याची आहे. प्रवासाने थकलेला येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. पोहऱ्याजोगे त्याच्याजवळ काही नाही. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. त्यांच्या भांड्याला तोंड लावणे तर दूरच. शिवाय ती बाई गावाच्या दृष्टीने बरी नव्हती. म्हणजे तहान, घागर आणि विटाळ या तीनच गोष्टींतून ते सारे संभाषण उभे राहते. रमाबाईंनी ते ऐकले, आश्रमातल्या स्त्रियांकडे पाहिले आणि दोहोंचा मेळ त्यांच्या मनात बसला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे 1896–97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली घेऊन आल्या आणि पुण्याजवळ केडगावला त्यांचे ‘मुक्ति’ हे घर उभे राहिले. या धावून जाण्यामागेही एक जुना प्रसंग होता. त्यांच्या मातापित्यांचा आणि बहिणीचा अंत 1870 नंतरच्या दुष्काळी वर्षांत उपासमारीने झाला होता. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी वेचली. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असताना त्यांनी भाषा निवडली ती साधी, खेड्यातल्या बाईला कळावी अशी. 1922 साली त्या वारल्या. त्यांचे बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. चुलीजवळून आलेले शुभवर्तमान पुन्हा चुलीजवळ पोचवावे, हाच त्या परिश्रमाचा हेतू म्हणता येईल.

दुसऱ्या स्त्रीची कथाही पाण्याचीच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 साली नाशिकजवळ जलालपूरला झाला. 1857 च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याला पारावार राहिला नाही. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाई. मीठसाखरेचीही त्यातून सुटका नसे. अशा घरात वाढलेल्या मुलीचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला आणि त्या टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यांना लिहिणे-वाचणे जेमतेम येत होते. पदरी लहान मूल. काही वर्षे त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या, परंतु चूल आणि पाणी यांचे वेगळेपण राखूनच. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले आणि त्यांच्यामधली सीमा पाण्याच्या भांड्यावरून गेली.

टिळक मोठे कवी आणि तितकेच मोठे वक्ते होते. पत्नीला वादात जिंकण्याची इच्छा त्यांनी धरली असती तर ते जिंकलेही असते; पण त्या जिंकल्या गेल्या नसत्या. त्यांना बदलले ते भोवतालच्या दिवसांनी. 1899–1900 चा भयंकर दुष्काळ, प्लेगची साथ, दारात येणारी अनाथ मुले, आजाऱ्यांची सेवा, हे सारे चालू असताना मनात एक प्रश्न घोळू लागला: या जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत जसा आकाराचा भेद दिसतो तसा माणसामाणसांत दिसला नसता का? एका गृहिणीचा हा विचार. त्यात कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही. पण एकदा तो पटल्यावर त्यांनी तो आचरणात आणायला घेतला, आणि येथेच त्या कथेचे मोल आहे. ज्यांच्या लहानपणी मीठसुद्धा धुतले जाई त्यांना कोणाच्याही हातचे पाणी घशाखाली उतरवणे ही बोलण्याइतकी सोपी गोष्ट नव्हती. बुद्धीला एका क्षणात जे पटते ते शरीराला शिकवायला वेळ लागतो. सोवळे प्रथम गेले, ख्रिस्तावरची श्रद्धा मागाहून आली आणि 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

‘स्मृतिचित्रे’ हा त्यांचा ग्रंथ 1934 पासून क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला आणि त्याचा शेवटचा भाग 1936 मध्ये झालेल्या त्यांच्या निधनानंतर बाहेर आला. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान आजही अढळ आहे. 2017 साली शांता गोखले यांनी त्याचा नव्याने इंग्रजी अनुवाद केला. हा ग्रंथ एका श्रद्धावंत ख्रिस्ती स्त्रीचा असूनही त्यात उपदेश जवळजवळ नाही. घरात आलेला पैसा टिळकांच्या हाती कसा टिकत नसे, त्यांच्या उदारपणाने घरात कशी तारांबळ उडे, कोणकोणाची मुले या घरात कशी वाढली, तरुण बालकवी ठोमरे या घरचाच कसा झाला, हे सारे त्या हसतहसत सांगतात. पुष्कळदा हसतात त्या स्वतःलाच. प्रसंगाच्या शेवटी तात्पर्य लिहिण्याची त्यांना गरज भासत नाही, कारण ते तात्पर्य त्यांच्या वागण्यात उतरलेले असते. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय लिहून पुढे नेले, आणि त्यांच्या कवितासंग्रहाला नाव मिळाले ‘भरली घागर’. ज्या पाण्याने एकेकाळी पतिपत्नींमध्ये सीमा आखली होती त्याच पाण्याची घागर शेवटी त्यांच्या काव्याची खूण ठरली.

रोजच्या प्रसंगांतून धडा घेण्याच्या या मार्गावर एक धोकाही आहे आणि त्याकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. प्रत्येक घटनेतून देवाचा हेतू ताबडतोब वाचून दाखवण्याची सवय श्रद्धावंताला सहज लागते. पाऊस वेळेवर आला तर तो आपल्या प्रार्थनेमुळे, आणि शेजाऱ्याचे घर जळाले तर ते त्याच्या पापामुळे, असा हिशोब मांडला जातो. असा हिशोब मांडणाऱ्यांना ख्रिस्ताने स्पष्ट शब्दांत अडवले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे मानू नका, असे त्याने बजावले आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितले. जन्मांध माणसाला पाहून, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले. त्याने तो प्रश्नच नाकारला आणि त्या माणसाला दृष्टी दिली.

यातून निघणारा नियम सोपा आहे, पाळायला मात्र कठीण. आपल्यावर आलेल्या प्रसंगातून माणसाने स्वतःपुरता धडा घ्यावा. दुसऱ्यावर आलेल्या प्रसंगातून कर्तव्य घ्यावे. रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या दुष्काळाचा अर्थ लावत बसण्यात वेळ घालवला नाही; त्यांनी मुलींना अन्न दिले. अहमदनगरच्या प्लेगमध्ये कोणाचे पाप फळाला आले याचा शोध लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. दुसऱ्याच्या दुःखाला तात्पर्य जोडणे हे बहुधा त्याच्या मदतीला न जाण्याचे सोज्ज्वळ निमित्त असते. जो धडा शिकणाऱ्याचे काहीही मागत नाही, त्याच्या खरेपणाविषयी शंका घ्यायला जागा आहे. विधवेच्या दोन टोल्या, लॉरेन्सच्या नावडत्या चुलीपाशी गेलेली वर्षे, लक्ष्मीबाईंच्या घशाशी आलेले पाणी, या प्रत्येक ठिकाणी काहीतरी मोलाचे द्यावे लागले.

आजच्या घरांत जाते उरलेले नाही, विहिरीची जागा नळाने घेतली आहे आणि खमीर बाजारातून पुडीत येते. परंतु घरकामाला येणाऱ्या बाईचा पेला निराळा ठेवलेली घरे अद्याप या देशात आहेत, आणि प्रार्थनेला जाणाऱ्यांची घरेही त्यांतून सर्वस्वी वगळता येणार नाहीत. रविवारी शोमरोनी स्त्रीची कथा ऐकावी आणि सोमवारी तो पेला जिथल्या तिथे असावा, असे घडत असेल तर कथा कानापर्यंतच पोचली, असेच म्हणावे लागेल.

पुनरुत्थित ख्रिस्ताबरोबर अम्माऊसच्या वाटेने चाललेल्या दोघा शिष्यांना त्याने वाटेत सारी शास्त्रे उलगडून सांगितली, असे लूक म्हणतो. त्यांची अंतःकरणे उचंबळून आली, तरीही त्यांनी त्याला ओळखले नाही. दिवस कलला म्हणून त्यांनी वाटसरूला आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतले. जेवायला बसल्यावर त्याने भाकरी घेऊन मोडली आणि तेव्हा कोठे त्यांचे डोळे उघडले. त्यांनी पाहुण्याला दारावरूनच निरोप दिला असता तर तो कोण होता हे त्यांना कधीच कळले नसते.